उमरखेडात बसून नौदलाच्या जहाजांचं बोलणं ऐकता येतं का? स्कॅनर, फ्रिक्वेन्सी आणि कायदा

'हजार-दोन हजारांचं यंत्र घ्या आणि घरबसल्या युद्धनौकांचं बोलणं ऐका', अशा धाटणीचे रील्स अधूनमधून फिरत असतात. यवतमाळ जिल्ह्यातलं उमरखेड घ्या. जवळ पाणी म्हणजे पैनगंगेचं, आणि मुंबईचा समुद्र सरळ रेषेतही सुमारे ५०० किलोमीटर लांब. इथे स्कॅनर लावला तर काय ऐकू येईल? आणि तसं ऐकणं चालतं का?

स्कॅनर म्हणजे काय?

साधा रेडिओ आपण लावलेल्या एकाच स्टेशनवर थांबतो. स्कॅनर एकामागून एक फ्रिक्वेन्सी तपासत जातो आणि कुठे संदेश चालू असेल तिथे थांबतो. हेच काम आता संगणकाला जोडायचा पेनड्राइव्हएवढा एसडीआर डोंगलही करतो.

जहाजं कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलतात?

समुद्रावरच्या रोजच्या बोलण्यासाठी जगभर मरीन व्हीएचएफ पट्टा ठरलेला आहे. त्यातलं चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्‌झ, हे संकटकाळी मदत मागण्याचं आणि एकमेकांना हाक मारण्याचं चॅनल. चॅनल ७० वर आवाज नसतो, बटण दाबून डिजिटल संकट-संदेश जातो. १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्‌झवर एआयएस यंत्रणा जहाजाचं नाव, जागा आणि वेग सांगत असते.

यात गुपित काहीच नाही. बुडणाऱ्या बोटीची हाक कुणालाही ऐकू यावी, यासाठीच ही चॅनल्स सगळ्यांना माहीत असतात. बंदरात शिरताना युद्धनौकासुद्धा ती वापरते. मात्र एआयएस चालू ठेवण्याची सक्ती युद्धनौकांना नाही. म्हणून जहाजं दाखवणाऱ्या वेबसाइटवर मालवाहू जहाजं दिसतात, नौदलाची सहसा दिसत नाहीत.

मग उमरखेडात ऐकू येईल का?

नाही. व्हीएचएफ लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. हिशोब सोपा आहे: दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढा, बेरीज करा आणि ४.१ ने गुणा. जहाजाची अँटेना २५ मीटरवर आणि तुमची गच्चीवर ९ मीटरवर असेल, तर ५ अधिक ३ म्हणजे ८. गुणाकार येतो जेमतेम ३३ किलोमीटर. ५०० किलोमीटरचा प्रश्नच उरत नाही.

शॉर्टवेव्हची गोष्ट वेगळी. ३ ते ३० मेगाहर्ट्‌झच्या लहरी वातावरणातल्या आयनोस्फिअरवरून परत वळतात, म्हणून हजारो किलोमीटरवरची स्टेशनं लागतात. पण नौदलाचे कामाचे संदेश सांकेतिक असतात. ऐकलं तरी खरखर किंवा टिकटिक यापलीकडे काही कळत नाही. शिवाय २०१३ मध्ये सोडलेल्या जीसॅट-७ ऊर्फ 'रुक्मिणी' उपग्रहामुळे नौदलाचं बरंच दळणवळण अवकाशातून चालतं.

समुद्र नाही, तरी नौदलाचं केंद्र!

उमरखेडपासून सरळ दक्षिणेला, अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरवर, तेलंगणाचा विकाराबाद जिल्हा आहे. तिथल्या दामगुंडम जंगलात नौदलाच्या नव्या व्हीएलएफ केंद्राची पायाभरणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. जंगलतोडीच्या भीतीने स्थानिकांनी आणि पर्यावरणवाद्यांनी त्याला विरोधही केला.

समुद्रापासून इतक्या आत केंद्र कशासाठी? पाण्याखालच्या पाणबुडीपर्यंत नेहमीच्या रेडिओलहरी पोचत नाहीत, खारं पाणी त्या शोषून घेतं. ३ ते ३० किलोहर्ट्‌झच्या अतिमंद लहरी मात्र पाण्यात काही मीटर उतरतात आणि जमिनीवरून फार लांब जातात. २० किलोहर्ट्‌झच्या लहरीची लांबीच १५ किलोमीटर असते, त्यामुळे अँटेनाही अवाढव्य लागते. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ 'आयएनएस कट्टबोम्मन' हे असं केंद्र १९९० पासून चालू आहे.

बिनतारी संदेशांनी पेटलेला उठाव

नौदलाच्या रेडिओचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा प्रसंग १९४६ चा. मुंबईतलं 'तलवार' हे नौदलाचं संदेशवहन शिकवणारं केंद्र होतं. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या अपमानास्पद वागणुकीला कंटाळून १८ फेब्रुवारीला तिथल्या खलाशांनी संप पुकारला. बिनतारी यंत्रं चालवणं हेच त्यांचं काम, त्यामुळे बातमी कराचीपर्यंतच्या जहाजांवर झपाट्याने पोचली. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग हे दोघेही संदेशवहन शाखेतलेच. बघता बघता सुमारे २० हजार खलाशी त्यात उतरले.

कायदा काय सांगतो?

पूर्वी घरच्या रेडिओचाही परवाना पोस्टातून काढावा लागे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. ती सक्ती गेली, पण ती सूट सार्वजनिक प्रसारण ऐकण्यापुरती. बिनतारी यंत्र परवान्याशिवाय बाळगण्यावर १९३३ च्या कायद्याने बंधन घातलं. दूरसंचार कायदा २०२३ चं कलम ४२ जून २०२४ पासून लागू आहे. त्यानुसार बेकायदा संदेश चोरून ऐकल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संरक्षणविषयक माहिती गोळा केली किंवा पसरवली, तर शासकीय गुपिते कायदा १९२३ मागे लागू शकतो. 'गंमत म्हणून' टाकलेली रीलही पुरावा ठरते.

ऑनलाइन मिळतं म्हणजे चालतं, असंही नाही. विनापरवाना वॉकीटॉकी विकल्याबद्दल ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा दिल्या होत्या.

आवड असेल तर सरळ वाट

रेडिओचं वेड असेल तर हॅम व्हा. वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की दूरसंचार विभागाची परीक्षा देता येते. 'रिस्ट्रिक्टेड' श्रेणीला मोर्स कोडची अट नाही, 'जनरल'ला आहे. परवाना आणि स्वतःचं कॉलसाइन मिळालं, की उमरखेडच्या गच्चीवरून जगाशी बोलता येतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना १४५.८ मेगाहर्ट्‌झवर अंतराळवीराचा आवाजही कधी कधी मिळतो. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असल्याने ते थेट 'दिसतं'. मुंबई बंदरातलं जहाज मात्र पृथ्वीच्या गोलाईआड लपलेलं असतं.