दुर्बिणीच्या स्क्रूची कुळकथा

ज्याने मळसूत्राला शिस्त लावली, त्याच्याच बंदुकीवर पुढे दुर्बीण चढावी, हा योग मला फार मनोज्ञ वाटतो. जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे आपला निबंध मांडला, त्यापूर्वी कारखान्यागणिक आटे निराळे असत. ठिकठिकाणचे नमुने मागवून, त्यांची सरासरी काढून, त्याने 55 अंशांचा कोन आणि प्रत्येक जाडीस इंचामागे आट्यांची संख्या मुकर्रर केली. पुढे त्याने षट्कोनी पोकळीची बंदूक घडविली, आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी तिच्या डाव्या अंगास जी दुर्बीण वापरली, ती मुंबई इलाख्याच्या फौजेत चाकरी केलेल्या कर्नल डेव्हिडसनच्या योजनेची होती.

1864 मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने 60 अंशांचा, पाडण्यास सोपा आटा सुचविला. दुर्बिणीची बैठक बंदुकीच्या रिसीव्हरवर, म्हणजे नळी ज्यात बसते त्या भागावर, आवळणारा अमेरिकी बंदूक-कारागिरांचा 6-48 हा स्क्रू त्याच कुळातला होय: व्यास अवघा साडेतीन मिलिमीटर, इंचात 48 आटे. इतके बारीक आटे का, याचे उत्तर रिसीव्हरच्या पातळ पोलादात आहे. चार मिलिमीटर जाडीत या स्क्रूचे सातएक आटे पकडतात, त्याच जाडीचा नेहमीचा 32 आट्यांचा स्क्रू घेतला तर पाचच. पोलादात पोलाद बसताना व्यासाइतकी खोली मिळाली की बहुधा पुरे होते. भाराचा सुमारे तृतीयांश पहिल्याच आट्यावर येत असल्याने त्यापुढे लांबी वाढवून लाभ थोडा. उलट पुढच्या छिद्रातला स्क्रू लांब झाला की नळीवर टेकतो, हाताला घट्ट लागतो, आणि दुर्बिणीची बैठक मात्र सैलच राहते.

शिवाय गोळी झाडतानाचा धक्का स्क्रूने सोसावयाचाच नसतो. स्क्रूने बैठक दाबून धरावी, आणि दाबातून उपजणाऱ्या घर्षणाने व बैठकीच्या आडव्या खाचेने धक्का पेलावा, हीच खरी तजवीज. घर्षण सुटले की तोच बिचारा स्क्रू कातरला जातो. जड दुर्बिणी आणि जबर काडतुसे आली तेव्हा कारागिरांनी 8-40 हा थोरला भाऊ पत्करला, ज्याचे ताण सोसणारे क्षेत्रफळ सुमारे 40 टक्क्यांनी अधिक आहे.

म्हणून जुन्या बंदुकीचे आटे झिजले असतील, तर लांब स्क्रूच्या शोधात न पडता, जाणत्या कारागिराकडून छिद्र मोठे करून 8-40 चे नवे आटे पाडून घ्यावेत.