पेनड्राइव्ह, विंडोज ९८ आणि हरवलेली सीडी

आजची गोष्ट सुरू होते २० एप्रिल १९९८ ला, शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात. स्टेजवर बिल गेट्स. सोबत ख्रिस कापोसेला, विंडोज ९८ चा डेमो देतोय. स्कॅनर नुसता जोडायचा, बाकीचं विंडोज बघून घेईल, असा एकंदर थाट. स्कॅनर जोडला आणि... स्क्रीन निळी! अख्खा हॉल हसत सुटला.

हे असं का व्हायचं? कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेलं यंत्र यांच्यात एक दुभाषी लागतो. तो म्हणजे ड्रायव्हर. दुभाषी चुकला की संवाद संपला.

पुढे २००० साली पेनड्राइव्ह बाजारात आले. त्याच वर्षीच्या विंडोज २००० आणि विंडोज एमईमध्ये सगळ्या पेनड्राइव्हना चालेल असा एकच दुभाषी आधीपासून होता. विंडोज ९८ मध्ये तो नव्हता. तिथे ज्या कंपनीचा पेनड्राइव्ह, तिचाच ड्रायव्हर, बहुतेकदा सोबतच्या सीडीवर. सीडी हरवली, तर? पेनड्राइव्ह धडधाकट, कॉम्प्युटरही धडधाकट, पण दोघांचा अबोला! मित्राकडून ड्रायव्हर आणायचा तर आणणार कशात? पेनड्राइव्ह तर चालतच नाही. म्हणजे पुन्हा १.४४ एमबीची फ्लॉपी शोधा.

११ जुलै २००६ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ चा सपोर्ट थांबवला. नवीन यंत्रं बनवणाऱ्यांनीही हळूहळू ९८ चं नाव सोडलं. पण काही हौशी मंडळींच्या एक गोष्ट लक्षात आली होती. ९८ आणि एमई एकाच घराण्यातले, ड्रायव्हरची घडणही एकच. मग एमईचा दुभाषी ९८ कडे का नाही चालणार? त्यांनी एमईच्या फायली घेऊन विंडोज ९८ सेकंड एडिशनसाठी एकच पॅकेज बांधलं. अट एवढीच, की आधीचे सगळे यूएसबी ड्रायव्हर काढून टाकायचे, नाहीतर जुने-नवे भांडणार. ते काढले, पॅकेज टाकलं, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, की बहुतेक पेनड्राइव्ह सीडीशिवाय चालायचे.

ही फक्त जुनी गंमत नाही बरं का. तुमच्या हातातल्या फोनला अपडेट येणं थांबतं, त्यामागेही बरेचदा हेच असतं. चिप बनवणारी कंपनी नव्या अँड्रॉइडसाठी ड्रायव्हर देणं बंद करते. हा गुंता सुटावा म्हणून गूगलने २०१७ मध्ये, अँड्रॉइड ८ पासून, चिपचा भाग आणि बाकीची सिस्टीम वेगळी करायला घेतली.

तेव्हा जुना फोन भंगारात टाकण्याआधी एकदा विचारा: यंत्र खरंच मेलंय, की फक्त दुभाषी नोकरी सोडून गेलाय?