वऱ्हाडचा धान्यबाजार आणि थांबण्याची ऐपत

वऱ्हाडातील जुन्या गावांत, पाटलाच्या वा देशमुखाच्या वाड्याशेजारी, जमिनीच्या पोटात खणलेली ज्वारीची पेवे असत; कडब्याचे व भुशाचे अस्तर देऊन ती भरीत, तोंड मातीने लिंपून बंद करीत, आणि पुन्हा उघडल्यावर आतला कोंदट वायू निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरत नसे. या पेवांतील ज्वारीवर घरची भाकरी भागे, सालदाराची मजुरी धान्याच्या रूपाने चुकती होई आणि दुसरे पीक बुडाले तरी वर्ष निभावे. शेतमालाच्या विक्रीचा विचार करताना आपण भावाची चर्चा पुष्कळ करतो. माझ्या मते वऱ्हाडपुरता तरी तो विचार पेवापासून सुरू झाला पाहिजे, कारण ज्याचे पेव भरलेले होते त्याला बाजाराने सांगितलेला भाव नाकारता येई, आणि ज्याला साऱ्याचा हप्ता व सावकाराचे व्याज एकाच पंधरवड्यात भागवावयाचे होते, त्याच्या मालाचा भाव गाडी जुंपण्यापूर्वीच ठरून गेलेला असे.

१८५३च्या तहाने निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी हा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला, तेव्हा येथे कापूस व ज्वारी आलटूनपालटून घेतली जात असत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि त्या दूरच्या यंत्रांची भूक भागविण्यासाठी वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचा भाव एकाएकी वाढला. अकोला व बडनेऱ्यावरून जाणारा लोहमार्ग १८६७मध्ये नागपूरला पोहोचला. मध्य प्रांत व वऱ्हाड यांसाठी रिव्हेट-कारनॅक हे कापूस-आयुक्त नेमले गेले. १८७०मध्ये खामगावची लोहशाखा उघडण्यास खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आले होते. कापसाने रोकड आणली हे खरेच. परंतु सारा रोखीत, कर्ज रोखीत आणि खाण्याचे धान्यही बाजारातून रोखीने, असा क्रम पडत गेल्यावर पेव रिकामे राहू लागले. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांत हा संपन्न म्हणून ख्यात असलेला प्रांत किती उघडा पडला होता, याचे विवेचन इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी कापूस आणि वऱ्हाडचा दुष्काळ यांवरील आपल्या ग्रंथात केले आहे, आणि ते प्रत्येक वऱ्हाडी माणसाने वाचावे असे आहे.

पहिल्या दुष्काळाच्याच काळात, १८९७ साली, वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. तोलाई, हमाली, अडत, कडता या बाबींना काही नियम असावा, व्यवहार ठरलेल्या जागी उघड्यावर व्हावा, हा त्याचा आशय होता, आणि नियंत्रित बाजाराचा हा देशातील पहिला कायदा समजला जातो. पुढे शाही कृषी आयोगाने १९२८च्या अहवालात अशा बाजारांचा पुरस्कार केला. आजच्या बाजार समित्यांच्या वंशावळीत वऱ्हाडचे स्थान असे मूळपुरुषाचे आहे. तथापि कायद्याने काटा सरळ केला तरी शेतकऱ्याला काट्यापर्यंत लगबगीने आणणारी निकड तशीच राहिली.

स्वातंत्र्योत्तर काळात संकरित ज्वारीने उत्पन्न वाढविले. १९६९मध्ये अकोल्यास स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठातही ज्वारीवर मोठे संशोधन झाले. पण खरिपाची ज्वारी कणसात भरते त्याच सुमारास परतीचा पाऊस येतो, दाणा काळा पडतो आणि असा माल बाजारात कोणी विचारीत नाही. सोयाबीन आल्यावर ज्वारीची शेते झपाट्याने आक्रसली. २००७मध्ये राज्य शासनाने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देऊ केले, तेव्हा पावसाने काळवंडलेल्या ज्वारीला गिऱ्हाईक मिळेल, असे समर्थन करण्यात आले. उलट बाजूने, भाकरीच्या धान्यातून दारू काढावी काय, हा प्रश्न डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी कळकळीने मांडला. इंधनाचे नाव पुढे येण्याआधीच भट्टी आणि भाकरी यांचा हा तंटा आपल्याकडे उभा राहिला होता.

इंधनाचे प्रकरण त्याहून मोठे आहे. अमेरिकेने २००५ व २००७च्या कायद्यांनी पेट्रोलमध्ये जैवइंधन मिसळणे बंधनकारक केले आणि तेथील मक्याचा फार मोठा हिस्सा कारखान्यांकडे वळला. आपल्याकडे इथेनॉल म्हणजे ऊस, अर्थात पश्चिम महाराष्ट्राची बाब, अशीच समजूत होती. वऱ्हाडला त्यात वाटा नव्हता. २०१८च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने खराब व अतिरिक्त धान्याला वाट मोकळी केली; डिसेंबर २०२३मध्ये उसाच्या रसावर निर्बंध आले; आणि लगोलग मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१.८६ रुपये झाला. क्विंटलभर मक्यातून सुमारे ३८ लिटर इथेनॉल निघते, हे ध्यानी घेतले म्हणजे कारखानदार मक्यासाठी का धावले ते कळते. २०२४मध्ये मक्याला चांगली मागणी राहिली, आणि एरवी मका निर्यात करणारा देश आयात करू लागला.

मका दळून, आंबवून, त्यातील पिष्ट काढून घेतल्यावर सुमारे तीस टक्के चोथा उरतो. डीडीजीएस या नावाने विकला जाणारा हा चोथा प्रथिनयुक्त व स्वस्त असल्यामुळे कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात सोयाबीनच्या पेंडीची जागा घेतो. पेंडीचा उठाव मंदावला की तेलगिरणी सोयाबीनला भाव देत नाही. सरकीची ढेप, जिच्या वायदे व्यवहाराचे आधारकेंद्रच अकोला आहे, तीही या स्पर्धेतून सुटलेली नाही. याचा अर्थ असा की, मोताळा-मलकापुराकडील मका उत्पादकाला ज्या मागणीने हात दिला, तिनेच वाशीम-अकोल्याच्या सोयाबीन उत्पादकाच्या पदरातून काही काढून घेतले. आणि पुष्कळदा हे दोघे एकाच घरातले असतात. सोयाबीनच्या मंदीला स्वस्त आयात तेल व जगातील विपुल पीक हीही कारणे आहेत. चोथ्याच्या माथी सर्व दोष मारणे न्यायाचे होणार नाही. तरी २०२४-२५मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये असताना खुल्या बाजारात माल त्याहून बराच खाली विकला गेला, त्यामागील कारणांत या चोथ्याची गणना करावीच लागेल.

२०२१च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले होते. त्या स्मृतीने पुढील वर्षी अनेकांनी पोती घरातच ठेवली, आणि भाव मात्र उतरत गेला. त्यांना अविचारी म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पेवाची परंपरा असलेल्या प्रांतात थांबणे हा शहाणपणाचाच भाग मानला गेला होता. फरक एवढाच की, पेवातील ज्वारी न विकली तर खाता येई. सोयाबीन विकण्यावाचून दुसरा उपाय नाही. मक्याचे तर त्याहून कठीण, कारण खरिपाचा मका ओला निघतो, चौदा टक्क्यांवर ओलावा असला की हमीभावाच्या केंद्रावर घेत नाहीत, आणि वाळवण्याची सोय नसलेल्याला तो व्यापारी म्हणेल त्या भावाने द्यावा लागतो. कारखान्याला वर्षभर मका लागतो, ती वर्षभराची किंमत मात्र ज्याच्याकडे कोरडी कोठी आहे त्याच्याच हाती पडते. शिवाय कारखान्याला कच्चा माल बदलता येतो: जानेवारी २०२५मध्ये केंद्राने अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी क्विंटलला २,२५० रुपयांनी देऊ केला, आणि त्याच वर्षीच्या खरिपात मक्याचा पेरा वाढलेला असताना अनेक बाजारांत भाव २,४०० रुपयांच्या हमीभावाखाली गेला.

थांबण्याची ही ऐपत देऊ शकणारी राज्य पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या पाऊणपटीपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. मका व सोयाबीन दोन्ही तिच्यात बसतात. इंधनाच्या कारखान्यांना परवाने, व्याजात सवलत व दराची हमी दिली गेली, तशी तातडी गावागावातील गोदामे, वाळवणीची यंत्रे आणि समित्यांकडील तारणाची रक्कम वाढविण्याकडे अद्याप वळलेली नाही. अकोला व अमरावतीच्या आमदार-खासदारांनी, दराच्या घोषणांइतक्याच आवाजात, हे मागितले पाहिजे.