मुखवट्यामागील भीति

मनुष्य भीतीपासून दूर पळतो हें जितकें खरें, तितकेंच हेंहि खरें कीं, बसावयास सुरक्षित जागा मिळाली म्हणजे तो भीतीला आपण होऊन बोलावणें धाडतो, आणि प्रसंगीं त्यासाठीं तिकीटहि काढतो. ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस अमेरिकेंतील शेतमळ्यांवरून एक चमत्कारिक सहल निघते. उघड्या गाडीवर वाळलेल्या गवताचे भारे रचतात. त्यांवर आईबाप, आजीआजोबा आणि मुलें दाटीवाटीनें बसतात. पूर्वीं ही गाडी घोडे ओढीत, आतां बहुधा ट्रॅक्टर ओढतो. अंधार पडला म्हणजे ती मक्याच्या शेतांतून आणि झाडींतून हळूहळू चालूं लागते. वाटेंत कोणी सांगाड्याचा वेष घेतलेला, कोणी पांढरी चादर पांघरलेला, कोणी उंच टोपी घातलेली चेटकीण असा एकाएकीं पुढें येऊन ठाकतो. मुलें किंचाळतात, आईला बिलगतात, आणि दुसऱ्याच क्षणीं हंसूं लागतात. लहान मुलांच्या कुटुंबांसाठीं सौम्य भुतांच्या निराळ्या फेऱ्या असतात, इतका हा व्यवहार घरगुती झालेला आहे.

हा हॅलोवीनचा सण. त्याचीं मुळें आयर्लंड आणि स्कॉटलंड येथील जुन्या केल्टिक लोकांच्या हिंवाळा लागतांनाच्या उत्सवांत शोधतात. पुढें ख्रिस्ती धर्मानें १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस मानला. त्यांच्या आदली रात्र ती हॅलोवीनची. आपल्या गिरगांवांतील खोताच्या वाडींत काय किंवा दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या परिसरांत काय, ख्रिस्ती कुटुंबें २ नोव्हेंबरच्या दिवशीं आप्तांच्या थडग्यांवर फुलें वाहतात आणि मेणबत्त्या लावतात, ती याच सोयरिकीची शांत बाजू होय. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला, भयंकर दुष्काळ आला, आणि लाखों लोकांनीं अमेरिकेची वाट धरली. जातांना त्यांनीं सामानसुमान फारसें नेलें नाहीं. पण आपलीं भुतें मात्र बरोबर नेलीं. मायदेशीं ते सलगम कोरून त्यांत दिवा ठेवीत. नव्या देशांत त्यांना भोपळा मिळाला.

आतां आपण म्हणाल कीं, या परदेशी खुळाचा परळ-लालबागशीं काय संबंध? संबंध आहे तो असा कीं, आपल्याहि मुंबईंत लोक पोटासाठीं आले, आणि येतांना तेहि आपलीं भुतें बरोबर घेऊन आले. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ सालीं ताडदेवची ती गिरणी सुरू झाली. पुढें परळ, लालबाग, शिवडी, वरळी या बाजूस गिरण्यांची रांगच उभी राहिली, आणि त्यांत राबावयास सातारा, पुणें आणि विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यांतून माणसें येऊं लागलीं. दहा बाय बाराच्या खोलींत राहणाऱ्या या माणसांनीं गांवचा गणपति, गांवचा शिमगा आणि गांवचा पिंपळ हीं तिन्ही मनांत जपलीं. चाळीच्या टोकाशीं सामाईक संडासाकडे जाणारा जो अंधारा बोळ असे, त्यांत हीं गांवचीं भुतें मुलांपुरतीं सुखानें नांदूं लागलीं.

या भुतांची शिरगणती एका इंग्रज अधिकाऱ्यानें आरंभिली होती. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनीं गांवोगांवच्या शाळामास्तरांकडे प्रश्न पाठवून लोकांच्या समजुतींची माहिती जमविली. ते संस्कृतचे अभ्यासक होते. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या नाटकगृहांत अनंत कान्हेरे यांनीं त्यांचा वध केला, ती राजकीय हकीकत सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या मागें राहिलेले हे कागद मात्र फार थोड्यांस ठाऊक असतील. एन्थोव्हेन यांनीं त्यांचें संकलन केलें, आणि कोंकणचा भाग १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत वेताळ आहे, समंध आहे, देवचार आहे, खवीस आणि झोटिंग आहेत. मुंज होऊन लग्नापूर्वीं मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. पाण्यांत बुडून मेलेला गिऱ्हा होऊन पाण्याच्या कांठीं वाटसरूला चकवितो. बाळंतपणांत मेलेली बाई अलवंतीण होते.

ही यादी वाचतांना प्रथम हंसूं येतें, आणि मग हंसूं मावळतें. कारण यांतील बहुतेक भूत म्हणजे कोणाचें तरी अपुरें राहिलेलें आयुष्य आहे. ज्या घरांतून मुंज झालेला मुलगा गेला, ज्या घरांतून पहिलटकरीण गेली, त्या घराचें दुःख लोकांनीं पिंपळावर नेऊन ठेवलें. भूत ही दुःखाची सावली आहे; म्हणूनच ती एकट्याला भिववते, आणि चार माणसें जमलीं कीं विरळ होते.

चार माणसें जमवून भीति विरळ करण्याची युक्ति कोंकणानें फार पूर्वींच साधली होती. शिमग्याच्या दिवसांत रत्नागिरीच्या खेड्यांतून संकासुराची स्वारी घरोघर फिरते. अंगांत काळा झगा, चेहऱ्यावरून वर निमुळती गेलेली उंच काळी टोपी, तोंडाशीं पांढरी दाढी आणि कंबरेस घुंगरांचा पट्टा! घुंगरांचा आवाज दुरून आला कीं पोरें माजघरांत दडतात. पुन्हा तींच पोरें दाराआडून डोकावतात, आणि संकासूर पुढच्या घरीं निघाला कीं त्याच्या मागें धांवतात. पुराणांत हाच शंखासूर वेद चोरणारा दैत्य आहे, आणि मत्स्यावतार घेऊन विष्णु त्याचा वध करतो. परंतु दशावताराच्या रंगभूमीवर तो येतो तेव्हां मालवणींत कोट्या करतो आणि प्रेक्षकांना पोट धरून हंसवितो. दैत्याला विदूषक करून सोडणें ही लहानसहान गोष्ट नव्हे. गिरणगांवांतील चाकरमान्यांनीं हा संकासूर मुंबईसहि आणला. परळचें दामोदर नाट्यगृह १९२२ सालीं उभें राहिलें; कामगारांच्या नाटकांचें तें माहेरघर. २०२३ सालीं पुनर्बांधणीसाठीं तें बंद होईपर्यंत कोंकणच्या किती तरी खेळांना त्यानें आसरा दिला.

आतां या यादींत जी बसत नाहीं, अशा एका व्यक्तीकडे वळूं. मुंजा, गिऱ्हा, अलवंतीण हीं सारीं मेलेलीं माणसें. चेटकीण मात्र जिवंत बाई असते. ती शेजारच्या घरांत राहते, विहिरीवर पाणी भरते, आणि बहुधा एकटी असते. तिच्या डोक्यावर हें नांव कोणी तरी दुसरा ठेवतो. म्हणून चेटकिणीची भीति ही इतर भुतांच्या भीतीहून अधिक घातक. कारण मुंजाला कोणी दगड मारूं शकत नाहीं, बाईला मारूं शकतो.

ही चेटकीण मुंबईच्या मराठी मुलांसमोर रंगभूमीवर आली ती १९५९ सालीं. गिरगांवांतील मुंबई मराठी साहित्य संघाशीं निगडित असलेल्या, अमेरिकेंत बालरंगभूमीचा अभ्यास करून परतलेल्या सुधा करमरकर यांनीं मुलांसाठीं स्वतंत्र नाटकें करावयाचें ठरविलें. त्यांचें पहिलें नाटक ‘मधुमंजिरी’; तें लिहिणारे रत्नाकर मतकरी त्या वेळीं अवघे वीस वर्षांचे होते. पुढें १९६२ सालीं मतकरींनीं ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली, आणि पत्नी प्रतिभा यांच्या साहाय्यानें ती कित्येक वर्षें चालविली. गंमत अशी कीं, हेच मतकरी मोठ्यांसाठीं गूढकथा लिहीत, आणि त्या वाचून प्रौढ माणसेंहि रात्रीं दिवा मालवतांना क्षणभर थांबत. मुलांसाठीं लिहितांना मात्र त्यांनीं भीतीला हंसण्याची वाट ठेवली. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ नाटकांतील चेटकीण दुष्ट आहे, कपटी आहे, आणि आपल्या हुशारीवर इतकी खूष आहे कीं, मुलांना तिची भीति आणि कींव एकदमच वाटते.

ही चेटकीण प्रथम गाजविली ती दिलीप प्रभावळकर यांनीं. २०१८ सालीं नाटक पुन्हा रंगभूमीवर आलें तेव्हां वैभव मांगले चेटकीण झाले, आणि त्या वर्षींच्या स्वातंत्र्यदिनीं एकाच दिवसांत पांच प्रयोग झाले. दोन्ही वेळां चेटकीण झालेला नट पुरुष, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. लुगडें नेसलेला, रंग फांसलेला, आवाज बदललेला हा गृहस्थ आहे हें पहिल्या रांगेंतील पांच वर्षांच्या मुलालाहि कळतें. तरीहि तें आजीचा हात घट्ट धरतें. मुखवटा आहे हें ठाऊक असून भिणें, आणि भीत असतां मुखवटा आहे हें न विसरणें, हा दुहेरी धडा शाळेंत कोणी देत नाहीं. गवताच्या गाडींत बसलेलें अमेरिकन मूल आणि दादरच्या शिवाजी मंदिरांत बसलेलें मराठी मूल हे दोघेहि तोच धडा गिरवीत असतात.

हा धडा केवळ करमणुकीचा नव्हे, हें सांगण्यासाठींच मी आज इतका विस्तार केला. रंगमंचाबाहेर, आपल्याच महाराष्ट्रांत, बाईला चेटकीण किंवा डाकीण ठरवून मारझोड केल्याच्या, गांवाबाहेर काढल्याच्या, प्रसंगीं जीव घेतल्याच्या घटना घडलेल्या आहेत. गांवांत मूल दगावलें, गाय आटली, ताप पसरला, कीं कोणा विधवेकडे बोट दाखविलें जाई. या अघोरी समजुतींविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं अनेक वर्षें खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यांत सरकारनें अध्यादेश काढला, आणि डिसेंबरांत विधिमंडळानें जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. करणी किंवा चेटूक केल्याच्या नांवाखालीं कोणास मारहाण करणें, तिची धिंड काढणें हा त्या कायद्यानें गुन्हा ठरला; शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पांच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत. ज्या ‘चेटूक’ शब्दावर बालनाट्यांत टाळ्या पडतात, तोच शब्द कायद्याच्या परिशिष्टांतहि बसलेला आहे. त्या दोन जागांमधील अंतर ओळखतां येणें यालाच मी सुसंस्कृतपणा म्हणतों.

अलीकडे मुंबईच्या शाळांतून आणि मोठ्या दुकानांतून हॅलोवीनचे काळे झगे दिसूं लागले आहेत, आणि त्यावर घरोघर वादहि होतात. मला त्या झग्यांचा राग येत नाहीं. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर पायाच्या अंगठ्यानें कारीट फोडणारें मूल नरकासुराला भिऊन तें फोडीत नसतें. गोमंतकांत तर मुलें आठ आठ दिवस खपून नरकासुराचा अक्राळविक्राळ पुतळा उभारतात आणि पहाटे तोच जाळतात. राक्षस आपल्याच हातानें रंगवावा आणि आपल्याच हातानें संपवावा, ही रीत आपल्याला परकी नाहीं. आग्रह धरावयाचा तो एवढाच कीं, मूल भितें तेव्हां जवळ वडीलधारें माणूस असावें, आणि खेळ संपल्यावर मुखवटा त्याच्या देखत उतरावा.

माझ्या लहानपणीं गिरगांवांतील आमच्या वाडीच्या गणेशोत्सवांत मुलांचें नाटक बसविलें होतें. त्यांत शेजारच्या खोलींतील काकू चेटकीण झाल्या होत्या. काकू तरुणपणींच विधवा झालेल्या, शिवणकाम करून दोन मुलें वाढविणाऱ्या. काळें लुगडें नेसून, केस मोकळे सोडून त्या पडद्याआडून आल्या मात्र, मी आईच्या कुशींत तोंड लपविलें. नाटक संपलें. आरती झाली. प्रसादाच्या रांगेंत माझी पाळी आली तेव्हां समोर त्याच काकू उभ्या होत्या. गालावरचा काजळाचा फराटा अर्धा पुसलेला, केस घाईनें बांधलेले. मी मागें सरलों. त्यांनीं पदरानें उरलेलें काजळ पुसलें, मला ओळख पटेपर्यंत थांबल्या, आणि माझ्या हातावर एकाऐवजीं दोन पेढे ठेवले. मग लुगड्याचा ओचा सांवरीत जिना चढून त्या आपल्या खोलींत गेल्या, आणि थोड्या वेळानें त्यांच्या शिवणयंत्राचा नेहमींचा आवाज आम्हांला ऐकूं येऊं लागला.