फेन्सिंग (शब्द)

फेन्सिंग हा इंग्रजीतून मराठीत आलेला शब्द असून तो दोन अर्थांनी वापरला जातो : (१) शेत किंवा आवाराभोवतीचे तारेचे वा जाळीचे कुंपण, (२) तलवारबाजी हा क्रीडाप्रकार. नांदेड व लातूर जिल्ह्यांत शेतीच्या संदर्भात पहिला, तर क्रीडेच्या संदर्भात दुसरा अर्थ अभिप्रेत असतो.

व्युत्पत्ती

लॅटिन ‘डिफेंडेरे’ (रक्षण करणे) या क्रियापदापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘डिफेन्स’ हा शब्द आला. त्याचा आरंभीचा भाग गळून ‘फेन्स’ हे रूप झाले. ‘रक्षण’ या मूळ अर्थातूनच पुढे कुंपण आणि शस्त्राने वार अडविण्याची विद्या असे दोन्ही अर्थ निघाले. मराठीत मात्र त्यांच्यासाठी स्वतंत्र शब्द आहेत.

कुंपण या अर्थी

कुंपण या प्रमाण शब्दाशिवाय मराठीत ‘वई’ हा शब्द असून तो संस्कृत ‘वृति’पासून आला आहे. ‘वाडा’ व ‘वाडी’ हे शब्द संस्कृत ‘वाट’ (कुंपण घातलेली जागा) यापासून आले आहेत. सीमेपलीकडे कन्नडमध्ये ‘बेली’, तर तेलुगूत ‘कंचे’ म्हणतात. पूर्वी बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्यांची वई घालीत; आता लोखंडी खांब व काटेरी तार वापरतात व त्यास ‘तार फेन्सिंग’ किंवा ‘कंपाउंड’ म्हणतात. रानडुक्कर, रोही व हरणे यांच्यापासून सोयाबीन, तूर, हरभरा ही पिके वाचविण्यासाठी सौरकुंपणही वापरले जाते. बोलीत त्यास ‘झटका मशीन’ असे नाव आहे. त्यात बॅटरीवर चालणारे यंत्र थांबून थांबून अत्यल्पकाळ टिकणारा धक्का देते. त्यामुळे जनावर दचकून मागे फिरते. याउलट, वीजवाहिनीतून थेट तारेत सोडलेला प्रवाह अखंड असतो. तो प्राणघातक असून बेकायदेशीर आहे. अशा तारांना स्पर्श होऊन वन्यप्राण्यांप्रमाणेच माणसेही दगावतात. रक्षकच भक्षक होतो तेव्हा ‘कुंपणानेच शेत खाल्ले’ असे म्हणतात.

तलवारबाजी या अर्थी

‘तलवारबाजी’ या शब्दातील ‘बाजी’ हा प्रत्यय फारसी आहे. या खेळात फॉइल, इपी व सेबर ही तीन शस्त्रे वापरतात. भारताकडून ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली पहिली खेळाडू सी. ए. भवानी देवी हिने २०२१ मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेत सेबर प्रकारात भाग घेतला. महाराष्ट्रात दांडपट्टा व फरीगदका हे शस्त्रविद्येचे जुने प्रकार आहेत. गुरू गोविंदसिंह यांचे १७०८ मध्ये नांदेड येथे निधन झाले. तेथील तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथे होला मोहल्ल्याच्या वेळी शीख समाज शस्त्रांसह मिरवणूक काढतो. गतका ही शिखांची काठी व तलवारीची युद्धकला आहे. या देशी प्रकारांना सहसा फेन्सिंग म्हटले जात नाही. ती संज्ञा ऑलिंपिक क्रीडाप्रकारापुरती मर्यादित आहे.