‘पॅडी’ : लाडके नाव की हेटाळणी?

आयरिश माणसाला ‘पॅडी’ म्हणावे की म्हणू नये, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. तथापि एवढ्याशा नावात एका राष्ट्राचे सुखदुःख कसे साठून राहते, ते या उदाहरणावरून चांगले दिसते.

मूळ नाव पवित्र आहे. पाचव्या शतकात आयर्लंडात ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणारे संत पॅट्रिक यांचे आयरिश नाव ‘पाद्रिग’. ‘पॅडी’ हे त्याचेच घरगुती रूप. १७ मार्च हा या संतांचा सण. आई मुलाला ‘पॅडी’ म्हणून हाक मारते, तेव्हा त्यात जिव्हाळ्यावाचून दुसरे काही नसते. ‘चीफटन्स’ या वाद्यवृंदाचे संस्थापक पॅडी मोलोनी (१९३८–२०२१) याच नावाने जगभर ओळखले गेले.

मग या नावाला विष कोठून चढले? १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला. १८५२ पर्यंतच्या दुष्काळात सुमारे १० लक्ष माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देशोधडीस लागली. त्यांतील हजारो लिव्हरपूल, मँचेस्टर, लंडन येथे गोदीत आणि खोदकामावर राबू लागली. त्या गर्दीत कोणाचे नाव काय, हे विचारतो कोण? सारेच ‘पॅडी’! ‘पंच’ साप्ताहिकात जॉन टेनियल यांनी आयरिश बंडखोर वानरमुखी रंगविला. ‘पॅडी’ म्हणजे दारुडा, भांडखोर, मठ्ठ, अशी समजूत रूढ झाली. ही थट्टा पुढेही चालूच राहिली. १९९४ मध्ये इंग्लंडातील एका औद्योगिक न्यायाधिकरणाने अशाच थट्टेने गांजलेल्या एका आयरिश कामगाराला नुकसानभरपाई देवविली.

उलट उदाहरणही आहे. नवी दिल्लीत १९४१ साली जन्मलेले जेरेमी अ‍ॅशडाउन उत्तर आयर्लंडात वाढले. इंग्लंडातील शाळेत त्यांच्या बोलण्याच्या ढंगावरून मुलांनी त्यांना ‘पॅडी’ ठरविले. त्यांनी ते नाव आपलेसे केले आणि त्याच नावाने १९८८ ते १९९९ लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेतृत्व केले.

आमच्या मते निवाडा सोपा आहे. पॅट्रिकला त्याच्या मित्राने ‘पॅडी’ म्हणणे हा स्नेह. परंतु शॉनलाही ‘पॅडी’ म्हणणे म्हणजे त्याचे स्वतःचे नाव हिरावून घेणे होय. एके काळी मुंबईत कोकणातून आलेल्या घरगड्याला, त्याचे नाव काहीही असो, ‘रामा’च म्हणत. नाव देवाचेच होते. पण हाक मारणाऱ्याच्या मनात देव नव्हता.