पी.एल. ४८०: एका गव्हाची कुळकथा

रेशनच्या रांगेत लाल गहू घेतलेल्या पिढीच्या तोंडी ‘पी.एल. फोर एटी’ हे नाव असे. त्या नावात धान्य नाही, देश नाही. आहे तो नुसता एक अनुक्रमांक. अमेरिकेच्या ८३व्या काँग्रेसचा ४८०वा सार्वजनिक कायदा. १० जुलै १९५४ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यावर सही केली.

कायद्याचं मूळ परराष्ट्र खात्यात नव्हे, अमेरिकी शेतकऱ्याच्या कोठारात आहे. सरकार हमीभावाने गहू उचलत होतं, गोदामं भरून वाहत होती. गरजू देशांकडे डॉलर नव्हते. तेव्हा वाट काढली गेली : धान्य घ्या, पैसे तुमच्याच चलनात द्या. भारताने ऑगस्ट १९५६ मध्ये पहिला करार केला आणि इथे अमेरिकेच्या खात्यात रुपये साचू लागले. पुढे केनेडींनी या योजनेला ‘शांततेसाठी अन्न’ हे नाव दिलं.

शांतता मात्र प्रत्येक वेळी वाट्याला आली नाही. १९६५ आणि १९६६ या सलग दोन वर्षांत पावसाने दगा दिला आणि नेमक्या त्याच काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी लांब मुदतीचे करार थांबवून धान्य थोडं थोडं, स्वतःच्या मंजुरीने सोडायला सुरुवात केली. शेतीधोरण बदला, हा आग्रह होताच. शिवाय व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीवर दिल्लीने केलेली टीका त्यांना झोंबली होती. बंदरात बोट लागायची आणि त्यातला दाणा थेट लोकांच्या ताटात जायचा, मधे साठा असा नाहीच. भुकेल्या देशाला असं ताटकळत ठेवणं मला आजही क्षम्य वाटत नाही. पण हेही खरं की, त्या अपमानाने तेव्हाचे शेतीमंत्री सी. सुब्रमण्यम यांच्या नव्या गहू-बियाण्यांच्या धोरणाला बळ दिलं.

साचलेल्या रुपयांचं पुढे काय झालं? १९७४च्या फेब्रुवारीत राजदूत डॅनियल मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हाती दिला आणि त्या डोंगराचा मोठा भाग माघारी आला.

मराठी मुलखात या गव्हाची एक खूण रस्त्याकडेला उभी आहे. गाजरगवत याच धान्यातून आलं, असं लोक सांगतात. पुण्यात ते पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावरच दिसलं होतं, म्हणजे पहिल्या कराराच्या सुमारासच; त्यामुळे दोष नेमका याच गव्हाचा म्हणणं अवघड आहे. ‘काँग्रेस गवत’ हे नाव मात्र त्याला कायमचं चिकटलं.

दुसरी खूण मला अधिक प्रिय आहे. १९५८च्या दुरुस्तीने या परकीय चलनांतून पुस्तकं घ्यायची मुभा मिळाली. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीतलं कार्यालय भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवू लागलं. त्यात मराठी कथा, कविता, कादंबऱ्याही होत्या. गव्हाच्या बदल्यात इथे साचलेल्या रुपयांनी मराठी पुस्तकं समुद्रापार गेली आणि तिथल्या फडताळांत जाऊन बसली.